जुनी स्पॅनिश पिस्तुलं: रुबी, अ‍ॅस्ट्रा, स्टार – कुठला भाग कशाला बसतो?

मापकाटा:
ईबार, गर्निका आणि आसपासच्या बास्क गावांतली जुनी सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं ज्यांच्याकडे परवान्यावर किंवा संग्रहात आहेत, त्यांच्यासाठी हा धागा काढतोय. नेहमीचे प्रश्न तीन. एकाच नावाच्या दोन पिस्तुलांचं मॅगझिन एकमेकांना का बसत नाही? अ‍ॅस्ट्रा ४०० आणि ६०० यांचे भाग अदलाबदल होतात का? आणि स्टार हे कोल्ट १९११ सारखं दिसतं, म्हणून त्याला १९११ चे भाग चालतील का?

सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. या पिस्तुलांवरचं नाव घराण्याचं असतं, भागांच्या मापाचं नसतं. सुटा भाग मागवण्याआधी पिस्तूल कोणत्या कारखान्यातलं, कोणत्या काळातलं आणि कोणत्या काडतुसाचं हे ठरवावं लागतं. "रुबीचं मॅगझिन हवंय" एवढ्या माहितीवर कोणीही योग्य मॅगझिन देऊ शकणार नाही.

आधी ओळख कशी पटवायची ते लिहा, मग एकेका घराण्याकडे वळू.

ईबारकर:
ओळखीपासून सुरुवात करतो.

मॅगझिन काढा, स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर (काडतूस बसण्याची जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, आणि मगच शिक्के वाचायला घ्या. स्लाइडच्या डाव्या बाजूला कंपनीचं किंवा विक्रीचं नाव असतं. ते सर्वांत कमी भरवशाचं, कारण एकच कारखाना चार नावांनी माल विकायचा आणि एकच नाव चार कारखाने वापरायचे. फ्रेमच्या डाव्या बाजूला मागे, मुठीच्या वर, लहान वर्तुळात किंवा लंबगोलात दोन अक्षरं असली तर ती खरी खूण. 'ईयू' म्हणजे एस्पेरांझा इ उनसेता, 'बीएच' म्हणजे बेइस्तेगी एर्मानोस, 'झेडसी' म्हणजे झुलाइका. हीच अक्षरं मॅगझिनच्या तळपट्टीवरही असतात. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्यासाठी गेलेल्या मालावर ही जोडी मुद्दाम मारली जायची, म्हणजे कोणतं मॅगझिन कोणत्या पिस्तुलाचं ते सैनिकाला कळेल.

दुसरी खूण वर्षाच्या अक्षराची. ईबारच्या चाचणीगृहाने १९२७ पासून वर्षासाठी अक्षर मारायला सुरुवात केली. ए म्हणजे १९२७, बी १९२८, सी १९२९, मग स्पॅनिश वर्णमालेतलं 'सीएच' १९३०, डी १९३१ असं पुढे. स्पॅनिशमधलं 'डबल एल' १९४० चं, डोक्यावर लहर असलेलं 'एन' १९४३ चं, ओ १९४४ चं. झेड १९५४ ला येतो. १९५५ पासून अक्षरासोबत १ येतो: ए१ म्हणजे १९५५. या दुसऱ्या फेरीत 'सीएच' आणि 'डबल एल' गळले, त्यामुळे जुन्या यादीवरून मोजलं तर वर्ष चुकतं. एक्स१ म्हणजे १९७८, झेड१ म्हणजे १९८०, ए२ म्हणजे १९८१. डब्ल्यू कुठल्याच फेरीत नाही.

अक्षरच नसेल तर पिस्तूल बहुधा १९२७ च्या आधीचं आहे. रुबीवर ते नसणं साहजिकच.

लोखंडी_कपाट:
रुबीबद्दल सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच आहे.

मूळ रुबी गाबिलोन्दो इ उर्रेस्ती यांची. ब्राउनिंगच्या १९०३ च्या रचनेवर बेतलेली, ७.६५ मिमी ब्राउनिंग म्हणजे .३२ एसीपी काडतुसाची, ९ गोळ्यांच्या मॅगझिनची. १९१५ साली फ्रेंचांनी महिन्याला १०,००० नग मागितले. ते एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून गाबिलोन्दोने इतरांना पोटकंत्राटं दिली. मागणी वाढत गेली आणि मग फ्रेंचांनी थेट इतर कारखान्यांशीही व्यवहार केले. ईबार-एल्गोइबार पट्ट्यातल्या लहानमोठ्या कितीतरी कारखान्यांनी 'रुबी पद्धतीची' पिस्तुलं काढली. सगळ्यांसमोर नमुना एकच होता, पण गेज एक नव्हते. शेवटची जुळवणी कारागीर कानशीने करायचा. म्हणून एकाच कारखान्याच्या दोन पिस्तुलांतसुद्धा सिअर (घोडा रोखून धरणारा भाग) किंवा डिस्कनेक्टर (चाप आणि सिअर यांचा संबंध तोडणारा भाग) सरळ उचलून बसेलच असं नाही.

मॅगझिन बसत नाही तेव्हा "बसत नाही" याचे चार वेगळे अर्थ असतात:

शिरतच नाही – धडाची रुंदी किंवा पुढून-मागचं माप जास्त आहे.

शिरतं पण अडकत नाही – तळाच्या खटक्याला पकडायला जी कड लागते ती वर-खाली आहे. रुबीचा खटका मुठीच्या तळाशी मागे असतो.

अडकतं पण फार वर बसतं – वरच्या ओठांना स्लाइड घासते. स्लाइडच्या पोटावर चकाकणाऱ्या दोन रेघा दिसल्या तर हेच कारण.

अडकतं पण खाली राहतं – स्लाइड पुढे येताना काडतुसाच्या बुडावरून निसटते आणि चेंबर रिकामं राहतं. कधी बुडाच्या वरच्या कडेलाच ढकलते आणि गोळीचं नाक नळीच्या तोंडाखाली रुतून बसतं.

जुनं मॅगझिन विकत घेताना व्हर्नियरने पाच मापं मागवा: धडाची रुंदी, पुढून-मागचं माप, खटक्याच्या कडेपासून ओठांच्या माथ्यापर्यंत उंची, दोन ओठांमधलं अंतर, आणि तळपट्टी किती पुढे येते. आपल्या पिस्तुलातलं मूळ मॅगझिन हाती असेल तर ही मापं त्यावरून घ्यायची. ते नसेल तर उंची मिळवण्यासाठी नवं मॅगझिन खटका न लावता हाताने वर ढकलत न्या, डमी काडतूस नीट उचललं जातं ती जागा शोधा आणि तिथे खूण करा.

कानस चालवायचीच झाली तर मॅगझिनवर. फ्रेमवर किंवा खटक्यावर नाही. मॅगझिन पुन्हा मिळेल, फ्रेम मिळणार नाही. कड कमी पडत असेल तर टिग वेल्डिंगने भर घालून परत घासून घेता येते. हे काम पातळ पत्र्यावर हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्या, नाहीतर ओठांचा ताण जातो.

खडकवासला:
छान माहिती, लोखंडी_कपाट. भारतात .३२ च्या जुन्या पिस्तुलांत आपल्या खडकीच्या कारखान्याचं 'केएफ ७.६५' काडतूस वापरलं जातं. त्यासाठी मॅगझिनमध्ये वेगळं काही बघावं लागतं का?

लोखंडी_कपाट:
खडकवासला, काडतूस पूर्ण धातूच्या आवरणाचं, गोल नाकाचं आणि नेहमीच्या २५ मिमी लांबीचं असलं की मॅगझिनला वेगळं काही लागत नाही. अडचण आखूड गोळीने होते. .३२ एसीपीचं बूड थोडं कडेबाहेर असतं. त्याला अर्धी कड म्हणतात. काडतूस आखूड असेल तर मॅगझिनमध्ये पुढे रिकामी जागा राहते, काडतुसं मागे-पुढे सरकतात आणि वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे जाऊन अडकते. हे अडकणं हाताने सुटत नाही, मॅगझिन काढून सगळं रिकामं करावं लागतं. भरताना प्रत्येक काडतूस मागे टेकवून, वरच्याची कड खालच्याच्या पुढे ठेवून भरा आणि शेवटी मॅगझिनची मागची बाजू तळहातावर हलकेच आपटा.

मापकाटा:
सुटे भाग सोडा, चालू स्थितीतली रुबी तपासायची कशी? या पिस्तुलांचा सेफ्टीचा खटका झिजलेला असतो असं वारंवार वाचायला मिळतं.

ईबारकर:
तपासणी रिकाम्या पिस्तुलावर, मॅगझिनशिवाय करायची. घोडा आत झाकलेला असल्यामुळे कानाने ऐकायचं.

स्लाइड मागे ओढून सोडा. सेफ्टी लावा आणि चाप जोरात ओढा. काही ऐकू येता कामा नये. चाप सोडा आणि सेफ्टी काढा. याच क्षणी 'टक्' आवाज आला तर सेफ्टी सिअरला पूर्ण धरत नाही. ते पिस्तूल भरायचंच नाही. आवाज आला नाही तर आता चाप ओढा, घोडा पडायला हवा.

मग चाप ओढलेला तसाच धरून स्लाइड पूर्ण मागे नेऊन सोडा. घोडा पडता कामा नये. चाप सोडून पुन्हा ओढल्यावर पडायला हवा. चाप धरलेला असताना घोडा स्लाइडच्या मागोमाग खाली आला तर डिस्कनेक्टर किंवा सिअर गेलं आहे, आणि गोळी भरल्यावर एका ओढीत दोन-तीन सुटण्याचा धोका आहे.

इथे बहुतेक जण चूक करतात ती अशी, की सिअरची धार गोल झाली म्हणून ती दगडावर घासून 'तीक्ष्ण' करतात. या भागांना कडकपणा फक्त वरच्या पातळ थरात दिलेला असतो. तो थर घासून गेला की खालचं मऊ लोखंड उघडं पडतं, पहिल्या दिवशी चाप सुरेख लागतो आणि थोड्याच वापरात पुन्हा गोल होतो, या वेळी आधीपेक्षा वाईट. दुसऱ्या रुबीचं जरा मोठं सिअर घेऊन घोड्याच्या खाचेला जुळवणं आणि मग पुन्हा कडक करून घेणं हाच मार्ग, आणि ते परवानाधारक गनस्मिथचं काम.

एक बारीक गोष्ट. फ्रेंच मालापैकी बऱ्याच पिस्तुलांच्या स्लाइडवर डाव्या बाजूला एक गोल बुटका खिळा दिसतो. चामड्याच्या म्यानातून पिस्तूल ओढताना सेफ्टीचा खटका घासून खाली सरकू नये म्हणून तो नंतर बसवलेला आहे. कोणी हौसेने तो काढून भोक बुजवलं असेल तर संग्रहाच्या दृष्टीने किंमत उतरते.

ऑस्टिनवासी:
एक भर. .३२ चं प्रत्येक ईबारचं पिस्तूल रुबी समजू नका. फ्रेंचांना स्टारचंही पिस्तूल गेलं होतं, बोनिफासिओ एचेवेर्रिया यांचं. त्याची स्लाइड पुढच्या भागात वरून उघडी असते आणि नळी दिसते. ते मानलिखरच्या धर्तीचं आहे, ब्राउनिंगच्या नाही. रुबीचा एकही भाग त्याला लागत नाही.

माझा प्रश्न अ‍ॅस्ट्राबद्दल आहे. ४०० साठी ६०० चे भाग चालतात का?

मापकाटा:
अ‍ॅस्ट्रा म्हणजे गर्निकाच्या उनसेता कंपनीचा माल. काम्पो-गिरो पिस्तुलाचा वारसा. ३००, ४००, ६०० ही तिन्ही दिसायला एकाच साच्यातली: नळीसारखी गोल स्लाइड, नळीभोवती गुंडाळलेली रिकॉइल स्प्रिंग, आत झाकलेला घोडा, मुठीत ग्रिप सेफ्टी (मूठ धरून दाबली तरच सुटणारी सेफ्टी). पण ती तीन वेगवेगळ्या मापांची आहेत.

४०० हे स्पॅनिश सैन्याचं १९२१ चं मॉडेल, ९ मिमी लार्गो (म्हणजे लांब) काडतुसाचं. ३०० ही त्याची लहान आवृत्ती, ७.६५ मिमी आणि ९ मिमी कोर्तो (म्हणजे आखूड) अशा दोन कॅलिबरांत. ६०० हे ९ मिमी पॅराबेलमचं, जर्मनांच्या मागणीवरून १९४३-४४ मध्ये काढलेलं. जर्मनांना १०,४५० नग पोचले, बाकीचे नंतर इतरत्र गेले. म्हणून ६०० वर वर्षाचं अक्षर बघणं उपयोगाचं.

आता भाग. नळी, स्लाइड, फ्रेम, मॅगझिन, मुठीच्या पट्ट्या: ४०० आणि ६०० मध्ये अदलाबदल नाही. लार्गोच्या कोशाची (काडतुसाच्या पितळी नळकांड्याची) लांबी २३ मिमी, पॅराबेलमची १९ मिमी. त्यामुळे ४०० चं मॅगझिन पुढून-मागे मोठं आणि मूठही तशीच. ६०० ची नळी आणि स्लाइड दोन्ही आखूड. पिना, स्क्रू, लहान स्प्रिंगा यांत साम्य सापडेल, पण तेही शेजारी ठेवून, मोजून मगच.

३०० च्या दोन कॅलिबरांमध्येही फक्त नळी बदलून काम होत नाही. .३२ च्या बुडाचा व्यास ९.१ मिमी, ९ कोर्तोचा ९.५ मिमी. स्लाइडचा तोंडाकडचा भाग, एक्स्ट्रॅक्टरची (रिकामा कोश ओढून काढणाऱ्या नखाची) पकड आणि मॅगझिन या तिन्हींवर त्याचा परिणाम होतो.

लोखंडी_कपाट:
४०० च्या नकलांचं विसरू नका. यादवी युद्धात एप्रिल १९३७ मध्ये गर्निका फ्रँकोच्या फौजांच्या ताब्यात गेलं आणि रिपब्लिकन बाजूचा पुरवठा तुटला. मग त्यांनी ४०० ची नक्कल स्वतः काढली: कातालोनियातल्या तर्रासात 'एफ. आस्कासो' नावाने, आणि दुसरीकडे 'आरई' अक्षरांचा शिक्का असलेली. घडण चांगली आहे. अस्सल ४०० ची रिकॉइल स्प्रिंग आणि मॅगझिन त्यांना बहुतेक वेळा लागतात. नळी आणि ग्रिप सेफ्टी मात्र हाताने जुळवावी लागते. संग्राहकाला माझा सल्ला: नकलेत अस्सल भाग घालू नका. आस्कासोची संख्या थोडी आहे, तिची किंमत तिच्या स्वतःच्या भागांसकट आहे.

ऑस्टिनवासी:
४०० मध्ये लार्गोशिवाय ९ पॅराबेलम, .३८ एसीपी, .३८ सुपर सगळं चालतं असं जुन्या लोकांकडून ऐकायला मिळतं. काही निर्यातीच्या पिस्तुलांवर .३८ चा उल्लेखही असतो.

मापकाटा:
ऑस्टिनवासी, ही समजूत धोक्याची आहे. ९ पॅराबेलम ४ मिमी आखूड. लार्गोच्या चेंबरमध्ये त्याचं तोंड पुढच्या पायरीला टेकतच नाही, ते फक्त एक्स्ट्रॅक्टरच्या नखावर लटकतं. फायरिंग पिनचा ठोका कधी लागतो, कधी नाही. कोश फुगतो किंवा चिरतो, आणि सगळा भार त्या नखावर येतो. एक्स्ट्रॅक्टर तुटला की ४०० चा नवा मिळवायला काय यातायात पडते ते या धाग्यावरच्या सगळ्यांना माहीत आहे. "उडतं" आणि "चालतं" यांत फरक आहे.

.३८ एसीपी आणि .३८ सुपर बाहेरून एकाच मापाची आहेत. दाबाची मर्यादा मात्र पहिल्याची २६,५०० पीएसआय, दुसऱ्याची ३६,५००. पिस्तुलावर .३८ लिहिलं असेल तर तो उल्लेख जुन्या एसीपीचा आहे. ४०० ची नळी बंद होऊन लॉक होत नाही, ती सरळ ब्लोबॅक आहे. स्लाइडचं वजन, रिकॉइल स्प्रिंग आणि घोड्याची स्प्रिंग एवढ्याच गोष्टी स्लाइडला रोखतात. सुपर घातलं तर स्लाइड फ्रेमवर हातोड्यासारखी आदळते. ४०० ला लार्गो, ६०० ला पॅराबेलम. बस.

ईबारकर:
त्याच कारणाने ४०० ची रिकॉइल स्प्रिंग हा सर्वांत आधी बदलायचा भाग. जुनी स्प्रिंग ऐंशी-नव्वद वर्षं दाबलेल्या स्थितीत बसलेली असते. अमेरिकेत वुल्फ कंपनी ४०० आणि ६०० साठी नव्या स्प्रिंगा करते. मागवताना मॉडेल नंबर स्पष्ट लिहा. ४०० ची स्प्रिंग कापून ६०० ला बसवू नका, कापल्याने वेटोळ्यांचा कडकपणा बदलतो.

उघडताना डोळ्यांवर चष्मा हवाच. नळीच्या तोंडाशी असलेली बुशिंग दाबून फिरवली की स्प्रिंग मोकळी होते आणि ती जबरदस्त ताणात असते. तोंड कधीही चेहऱ्याकडे किंवा दुसऱ्या माणसाकडे नको. अंगठ्याखाली जाड फडकं घ्या आणि बुशिंग हळूहळू बाहेर येऊ द्या. स्प्रिंग काढल्यावर स्लाइड मागे नेऊन सेफ्टीच्या खटक्याने अडकवा, नळी फिरवून फ्रेमच्या खाचांतून सोडवा, खटका काढा आणि स्लाइड नळीसकट पुढे ओढून घ्या. परत जोडताना नळी पूर्ण फिरून बसली आहे का ते बघा. अर्धवट फिरलेल्या नळीवर बुशिंग बसवायचा प्रयत्न केला की बुशिंगचे दात बोथट होतात.

ऑस्टिनवासी:
पटलं. आता स्टार. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत स्पेनच्या पोलिसांकडून आलेली बीएम मोठ्या संख्येने विकली गेली. त्यांच्या मालकांना १९११ च्या मुठीच्या पट्ट्या लावायच्या असतात.

लोखंडी_कपाट:
लागणार नाहीत. बीएमचं बाह्यरूप १९११ चं आहे, आतली यंत्रणा स्टारची. ग्रिप सेफ्टी नाही, मागची पाठ फ्रेमचाच भाग आहे, चाप सरळ मागे सरकत नाही तर पिनेवर झुलतो, आणि त्याची पट्टी उजवीकडून जाते. एक्स्ट्रॅक्टर बाहेरच्या बाजूला. शिवाय मॅगझिन काढलं की चाप चालत नाही अशी सेफ्टी आहे. १९११ ची नळी, स्लाइड, घोडा, सिअर, पट्ट्या, काहीच उचलून बसत नाही.

घराणं असं समजून घ्या. ए म्हणजे ९ लार्गो, बी म्हणजे ९ पॅराबेलम, पी म्हणजे .४५. जुन्या बीमध्ये नळी खाली ओढायला १९११ सारखी झुलती कडी आहे. 'सुपर' लागलेल्या मॉडेलांत ती कडी गेली, नळीच्या पोटाला बंद खाच आली आणि उजवीकडे उघडण्याचा खटका आला. म्हणून बी आणि सुपर बी यांच्या नळ्या आणि स्लाइड-स्टॉप अदलाबदल होत नाहीत. नाव सारखं वाटतं म्हणून सर्वांत जास्त चुकीची खरेदी इथेच होते. बीएम पोलादी फ्रेमचं, बीकेएम हलक्या मिश्रधातूच्या फ्रेमचं.

बीएमचं दुखणं एकच, फायरिंग पिन. रिकाम्या चेंबरवर चाप ओढत राहिलं की ती तुटते. डमी काडतूस घातल्याशिवाय सराव करू नका. तुकडे स्लाइडमध्ये राहिले तर पुढचा अर्धा भाग बाहेर डोकावून अडकू शकतो, म्हणून ठोका हलका पडायला लागला की लगेच उघडून बघा आणि एक जादा पिन जवळ ठेवा.

मापकाटा:
स्टार पीडी कोणाकडे असेल तर: ते .४५ चं लहान, हलक्या फ्रेमचं. त्याच्या रिकॉइल गाइडवर प्लास्टिकचा बफर असतो. जुना झाला की त्याचा भुगा होतो आणि पोलादी स्लाइड थेट हलक्या फ्रेमवर आदळते. पिस्तूल हाती आलं की गोळी घालण्याआधी तो बफर काढून बघा. पिवळट, चिरलेला किंवा गायब असेल तर नवा बसल्याशिवाय झाडू नका.

खडकवासला:
भारतातल्या वाचकांसाठी दोन गोष्टी. ९ मिमी इथे प्रतिबंधित बोअर आहे, त्यामुळे सामान्य परवान्यावर या घराण्यातलं जे काही असेल ते बहुधा .३२ चं: रुबी, ३००, .३२ ची लामा किंवा स्टार. दुसरं, १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या शब्दात त्याचे भागही येतात. नळी, स्लाइड परदेशातून टपालाने मागवायचा विचार कोणी करू नये. दुरुस्ती परवानाधारक गनस्मिथकडेच, आणि पिस्तूल देताना-घेताना परवान्यावरचा नंबर फ्रेमवरच्या नंबराशी ताडून घ्या.

.३२ च्या लामाबद्दल कोणी सांगू शकेल का?

ईबारकर:
लामा म्हणजे त्याच गाबिलोन्दोचं पुढचं घराणं, पण रुबीशी भागांचं नातं शून्य. बाहेरून छोटं १९११. मॉडेल रोमन आकड्यांनी ओळखतात आणि आकड्यामागे 'ए' लागला तर ग्रिप सेफ्टी आहे असं समजायचं. ग्रिप सेफ्टीवाली आणि नसलेली यांच्या फ्रेमचा मागचा भाग वेगळा, त्यामुळे पट्ट्या आणि घोड्याच्या स्प्रिंगची बैठक तपासूनच मागवा.

खडकवासला, तुमच्याकडे जे पिस्तूल आहे त्याच्या स्लाइडवरचा रोमन आकडा, ट्रिगर गार्डजवळचं वर्षाचं अक्षर आणि मॅगझिनची वर सांगितलेली पाच मापं इथे टाका. सिरियल नंबर मात्र टाकू नका. मापं आली की कोणतं मॅगझिन शोधायचं ते सांगता येईल.